रेसिडेन्टला उत्तर कधी सांगायचं? (रेडिओलॉजी शिकणारे, शिकवणारे आणि रिपोर्ट वाचणारे, सगळ्यांसाठी)

लाइटबॉक्स

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते आज लिहून टाकतो, लांबेल, सांभाळून घ्या.

मी डायग्नॉस्टिक रेडिओलॉजीत (एक्स-रे, सीटी, एमआरआय वाचून निदान करायचं शास्त्र) रेसिडेन्टना, म्हणजे तज्ज्ञ होण्यासाठी शिकणाऱ्या डॉक्टरांना, शिकवतो, बरीच वर्षं झाली. गेल्या आठवड्यात एका सहकाऱ्याशी चांगलंच वाजलं. कारण म्हटलं तर एवढंसं. फर्स्ट इयरची एक मुलगी माझ्या शेजारी बसलेली, स्क्रीनवर मेंदूचा सीटी, हिस्टरी एवढीच की डावा हात दोन तासांपासून लुळा. केस जुनी होती, रिपोर्ट केव्हाच गेलेला, म्हणजे घाई काहीच नव्हती. ती स्क्रोल करतेय, वरून खाली, खालून वर, परत वरून खाली. मी गप्प. मिनिट झालं, दोन झाली. मागून आमचे हे सहकारी आले आणि म्हणाले, अरे कशाला छळतोस पोरीला, आणि स्क्रीनवर सरळ बोट ठेवलं, हे बघ उजवा इन्सुला (मेंदूच्या बाजूच्या घडीत दडलेला भाग), करडी पट्टी गेलीये. पोरगी म्हणाली हो हो सर दिसलं, वहीत लिहून घेतलं, विषय संपला.

आता माझं म्हणणं असं की तिला इन्सुला दिसलाच नाही, तिला सरांचं बोट दिसलं.

जे या धंद्यातले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. सीटीत प्रत्येक ठिपक्याला एक आकडा असतो, हाउन्सफील्ड युनिट. हवा उणे १०००, पाणी ०, मेंदूचा करडा भाग साधारण ३५ ते ४०, पांढरा भाग २५ ते ३० च्या आसपास. म्हणजे दोघांत फरक कितीसा, जेमतेम दहा युनिटांचा. रक्तपुरवठा तुटला की सुरुवातीच्या तासांत करडा भाग दोन-चार युनिट खाली येतो आणि तो फरक पुसट होतो, बस एवढंच दिसायचं असतं. नेहमीची ब्रेन विंडो म्हणजे रुंदी ८० आणि मध्य ४०, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या सगळ्या छटा ० ते ८० मध्ये वाटलेल्या. रुंदी ४० वर आणली की तोच फरक डोळ्याला दुप्पट दिसायला लागतो. मी त्या दोन मिनिटांत याचीच वाट बघत होतो की हिचा हात माउसवर जाऊन विंडो आवळतो का. डावा हात लुळा म्हणजे उजवी बाजू बघायची एवढं तिला नक्की माहीत होतं, तीन वेळा तिथेच येऊन थांबत होती. अजून अर्ध्या मिनिटात विंडो आवळली असती किंवा नसती, आता कळायला मार्ग नाही.

सहकाऱ्याचं म्हणणं, आणि ते तसं चुकीचं नाही, की नजर ही केसेसच्या ढिगाऱ्याने तयार होते. हजार नॉर्मल बघ, दोनशे अॅबनॉर्मल बघ, दाखवणारा शेजारी पाहिजे, बाकी आपोआप होतं. एक केस घेऊन दोन-दोन मिनिटं गप्प बसलास तर दिवसात बघून होणार किती?

माझं मत उलटं आहे. रेसिडेन्टने आधी स्वतः लिहून मोकळं व्हायचं, चूक तर चूक, आणि मग सांगायचं. "सर मला वाटलंच होतं" हे वाक्य माझ्या रूममध्ये बंद आहे. वाटलं होतं तर लिहायचं होतं. कारण उत्तर कळल्यावर सगळ्यांनाच ते आधी दिसलेलं असतं, त्यात खोटारडेपणा नाही, मेंदू तसाच चालतो, पण मग आपली चूक नेमकी कुठे झाली ते कधीच कळत नाही.

आणि चूक कुठे झाली यालाच तर किंमत आहे. कुंडेल आणि नोडाइन या दोन संशोधकांनी डोळ्यांच्या हालचाली मोजून ठेवल्यात. १९७८ च्या त्यांच्या कामात फुफ्फुसातल्या गाठी सुटल्या त्यांचे तीन प्रकार केलेत: नजर तिकडे गेलीच नाही असे साधारण ३० टक्के, नजर गेली पण ओझरती, मेंदूने नोंदच घेतली नाही असे २५ टक्के, आणि नजर तिथे चांगली रेंगाळली पण "हे काही नाही" असं ठरवून पुढे गेली असे ४५ टक्के. तिन्हीवरचं औषध वेगळं आहे हो. पहिल्याला सर्च पॅटर्न (ठरलेल्या क्रमाने बघणं) शिकवायचा, तिसऱ्याला तो शिकवून उपयोग शून्य, त्याने बघितलंय, त्याचं ठरवणं चुकलंय. बोट ठेवून दाखवलं की तिघांनाही एकच औषध मिळतं.

तर प्रश्न: उत्तर कधी सांगायचं? शिकवणाऱ्यांनी लिहाच, शिकणाऱ्यांनी तर नक्की लिहा.

निवांत_वाचक

वाखुसा (वाचनखूण साठवली). या विषयातलं ओ की ठो कळत नाही पण "सरांचं बोट दिसलं" हे आमच्या अकाउंट्सच्या ट्रेनिंगला पण तंतोतंत लागू.

सेकंडइयर_त्रस्त

सर, लेख पटला, पण आमच्या बाजूनेही लिहिते, राग मानू नका.

तुम्ही गप्प बसता तेव्हा ती शांतता तुम्हाला शिकवणं वाटते, आम्हाला ती व्हायवा वाटते. मागे दोन सिनियर उभे असतात, दाराशी एखादा इंटर्न, आणि आम्ही स्क्रोल करत असतो ते बघायला नाही तर वेळ काढायला. खरंच सांगते, मी कितीतरी वेळा स्क्रीनकडे न बघता सरांच्या चेहऱ्याकडे बघत स्क्रोल केलंय, माझा कर्सर लिव्हरवर आला की सर जरा पुढे सरकतात म्हणजे लिव्हरमध्येच काहीतरी आहे. यात मी तरबेज झालेय. लिव्हरमध्ये नाही, सरांच्या चेहऱ्यात.

आणि चुकल्यावर काय होतं ते पण सांगा ना. फर्स्ट इयरला एका सरांनी (आता ते तिथे नाहीत) माझा रिपोर्ट सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवला होता, ओळ न ओळ, प्रत्येक ओळीनंतर थांबून. त्यानंतरचे सहा महिने माझ्या प्रत्येक रिपोर्टमध्ये "नाकारता येत नाही" हे शब्द आहेत. सगळंच नाकारता येत नाही. लिहून मोकळं व्हा हे ठीकच आहे, पण लिहिणाऱ्याची चामडी लोळवत असाल तर तो लिहिणारच नाही, नाहीतर असं लिहील की त्यातून कशालाच हो किंवा नाही म्हणता येऊ नये.

दुसरं म्हणजे आम्हाला पुढचं कळतच नाही. मी रिपोर्ट लिहिते, सर दुरुस्त करतात, रिपोर्ट जातो, पेशंट गायब. ती गाठ शेवटी काय निघाली? ऑपरेशनमध्ये काय सापडलं? सर म्हणाले मेटास्टॅसिस (दुसरीकडून पसरलेला कॅन्सर), मी म्हणाले होते अॅडिनोमा (साधी, निरुपद्रवी गाठ), सर सिनियर म्हणून मेटास्टॅसिस. पण खरं काय होतं?? आम्ही सरांशी जुळवून घ्यायला शिकतोय, आजाराशी नाही.

सॉरी जरा जास्तच झालं. ड्यूटी संपवून आलेय.

प्रोबवाली

+१ त्रस्तताई. चेहऱ्याकडे बघत स्क्रोल करणे, अगदी अगदी!! आम्ही सगळ्यांनी केलंय.

ओली_फिल्म

मी या धाग्यावरचा बहुधा सगळ्यात म्हातारा. आमच्या वेळी फिल्म डार्करूममधून ओलीच यायची, क्लिपला लटकवलेली, टपटप पाणी गळतंय, आणि सर्जन दारात उभा. फ्लोरोस्कोपीच्या (चालत्या एक्स-रेच्या) आधी लाल चष्मा लावून फिरायची पद्धत आमच्याही आधीची, डोळे अंधाराला सरावावेत म्हणून, आमचे सर ते किस्से सांगायचे.

शिकवायची पद्धत एकच होती, हॉट सीट. फिल्म लाइटबॉक्सवर, तुम्ही समोर, मागे सगळं डिपार्टमेंट. बोला. यात तुमचं "आधी लिहून मोकळं व्हा" आपोआप यायचं, पळायला जागाच नव्हती. पण त्रस्तताई म्हणतायत तेही खरं, त्यातून कितीक हुशार पोरं कायमची घाबरट झाली ते मी बघितलंय. आमच्या एका सरांची पद्धत मात्र वेगळी होती. ते स्वतः हॉट सीटवर बसायचे. आठवड्यातून एकदा रेसिडेन्टने केस आणायची, सरांनी कधीही न बघितलेली, आणि सर मोठ्याने विचार करत वाचायचे. "इथे मला काहीतरी खुपतंय पण काय ते कळत नाहीये... बाजूच्या बरगड्या मोजू... हृदयाच्या मागे बघायचं राहिलं, थांबा." आणि चुकायचे की. चुकले की हसायचे आणि म्हणायचे आणा अजून एक. सर चुकतात तेव्हा ते नेमकं काय करतात हे मी तिथे बघितलं, त्याआधी मला वाटायचं सरांना नुसतं दिसतं.

कारण खरोखरच बरंचसं नुसतं दिसतंच. लाइटबॉक्स यांनी ज्यांची नावं घेतली त्याच दोघांचा १९७५ चा एक प्रयोग आहे, छातीचा एक्स-रे फक्त ०.२ सेकंद दाखवला तरी तयार रेडिओलॉजिस्टनी ७० टक्के दोष ओळखले, हवा तितका वेळ दिला तेव्हा ९७. म्हणजे डोळा हलायच्या आत बरंचसं काम झालेलं असतं. हे शिकवणार कसं? हे केसेसच्या ढिगाऱ्यानेच येतं, इथे तुमच्या सहकाऱ्याला माझं एक मत. पण उरलेले जे आहेत ना, ७० च्या वरचे, ते शोधून सापडतात, तिथे शिस्त लागते. दोन वेगळी कामं आहेत, एकाच पद्धतीने शिकवायला जाऊ नका.

माझी एक चूक सांगतो. रेसिडेन्सी संपवून वर्ष झालं असेल. मानेचा एक्स-रे, हात दुखतो, मुंग्या येतात. मणके बघितले, पाचव्या-सहाव्यात झीज, लिहिली, झालं. फिल्मच्या अगदी खालच्या कोपऱ्यात फुफ्फुसाचं टोक दिसत होतं, एका बाजूचं काळं आणि दुसऱ्या बाजूचं राखाडी. राखाडी. पाच महिन्यांनी छातीची फिल्म आली तेव्हा पहिल्या बरगडीचा तुकडाच गाठीने खाल्लेला होता. मला जे शोधायचं होतं ते सापडलं आणि मी थांबलो. एक सापडलं की शोध थंडावतो, याला नाव आहे, सॅटिस्फॅक्शन ऑफ सर्च. मला नावही माहीत होतं. परीक्षेत लिहिलं पण होतं.

तेव्हापासून मी कुठल्याही फिल्मचे चार कोपरे आधी बघतो, मधलं नंतर. पोरं हसतात. हसू देत.

टाकेवाला

रेडिओलॉजिस्टांच्या घरात सर्जन घुसतोय, माफी असावी.

तुम्ही नजर नजर करताय, आम्हाला मिळतो तो कागद. आणि त्या कागदाचा शेवट ठरलेला, "क्लिनिकली कोरिलेट करावे", म्हणजे पेशंट तपासून ताडून बघा. अहो ते आम्ही करतोच, त्याच कामाला ठेवलंय आम्हाला! मला रेसिडेन्टचा रिपोर्ट वाचून एवढंच हवं असतं की आज रात्री पोट उघडू की सकाळपर्यंत थांबू. दीड पान वाचतो, प्रत्येक किडनीची लांबी मिलिमीटरमध्ये, आणि अपेंडिक्सबद्दल "नीट दिसले नाही, तरीही नाकारता येत नाही".

तर माझी सूचना, तुमच्या ट्रेनिंगमध्ये एक महिना असा ठेवा की रेसिडेन्टने ज्या पोटाचा सीटी वाचला त्या पेशंटच्या ऑपरेशनला यायचं. हात धुवायची गरज नाही, मागे उभं राहा. एक पोरगा असाच आला होता, त्याने लिहिलं होतं आतड्यात अडथळा, ट्रान्झिशन पॉइंट (अडथळ्याची नेमकी जागा) उजवीकडे खाली. मी उघडलं तर तिथेच एक बारीक बँड, दोऱ्याएवढा. सीटीत तो बँड दिसला नव्हता, दिसतही नाही सहसा, त्याने फक्त आतडं कुठे एकदम निमुळतं होतंय ते धरलं होतं. पोरगा टेबलाच्या पलीकडून वाकून बघत होता आणि मास्कमधूनही कळत होतं की हसतोय. त्यानंतर तो मला फोन करायला लागला. रिपोर्ट जायच्या आधी. "सर, पेशंटचं पोट कडक आहे का हो?" कोरिलेट करा म्हणून लिहून सोडणं वेगळं आणि फोन उचलून स्वतः कोरिलेट करणं वेगळं.

पिक्सेल_पांडू

मंडळी हलके घ्या, पण तुम्ही घोड्याला नाल कसा मारायचा यावर भांडताय आणि बाहेर मोटारी आल्यात. इन्सुला एआय काही सेकंदात दाखवतं. दोन मिनिटं गप्प बसायचं आणि विंडो आवळते का बघायचं हे सगळं कशासाठी? रेसिडेन्टला एआय वापरायला शिकवा की.

रात्रपाळी

@पिक्सेल_पांडू, एआयवाले संशोधक जेफ्री हिंटन २०१६ मध्ये म्हणाले होते की रेडिओलॉजिस्टना ट्रेनिंग देणं आता थांबवावं, पाच वर्षांत, फार तर दहात, मशीन पुढे जाईल. माणूस मोठा, २०२४ चं फिजिक्सचं नोबेल मिळालंय, पण मी अजून रात्री एकटीच बसून लिस्ट संपवतेय आणि लिस्ट काही संपत नाही, त्यामुळे मोटारी कुठे अडकल्यात बघा जरा.

गंमत सोडा. एआय मी रोज वापरते आणि ते कामाचं आहे, विशेषतः पहाटे चारला. पण ते शिकणाऱ्याच्या हातात आधी द्यायचं का नंतर, हा लाइटबॉक्स यांचाच प्रश्न आहे, फक्त सरांच्या बोटाच्या जागी एआयने आखलेला चौकोन आला. २०२३ मध्ये मॅमोग्राफीवर (स्तनांच्या एक्स-रेवर) एक प्रयोग झाला, २७ रेडिओलॉजिस्ट, त्यांना सांगितलं की एआयने ही कॅटेगरी (कॅन्सरची शंका किती ती) दिलीये, आणि काही केसेसमध्ये मुद्दाम चुकीची दिली. एआय बरोबर असताना नवख्यांचं उत्तर साधारण ८० टक्के वेळा बरोबर, एआय चुकीचं असताना तेच २० च्या आसपास. मुरलेल्यांचं पण ८२ वरून ४५ वर आलं. म्हणजे मुरलेले पण घसरतात, पण नवखे पार आडवे होतात. ज्याच्याकडे स्वतःचं मत नाही तो दुसऱ्याच्या मताशी भांडणार कशाच्या जोरावर.

आमच्याकडे रेसिडेन्टसाठी चौकोन बंद असतो. स्वतःचा रिपोर्ट सेव्ह केला की मगच उघडतो. कुरकुर होते, पण ठीक आहे.

आता नाइट ड्यूटीबद्दल, कारण यावर कोणीच बोललं नाही. माझं खरं शिक्षण रात्री झालं. दिवसा शेजारी कोणीतरी असतं, रात्री दोनला ट्रॉमाचा (अपघाताचा) सीटी येतो आणि खोलीत तुम्ही, एसीचा आवाज आणि फोन. तुम्ही जे बोलाल त्यावर पेशंट ऑपरेशनला जातो किंवा घरी जातो. सकाळी कन्सल्टंट (सिनियर तज्ज्ञ) सगळं परत बघतात आणि प्रिलिमिनरी रिपोर्टचा फायनल होतो. त्या सकाळच्या अर्ध्या तासात मी जेवढं शिकले तेवढं दिवसभराच्या टीचिंगमध्ये नाही, कारण प्रत्येक केसमध्ये माझी मान अडकलेली होती. हल्ली बऱ्याच ठिकाणी रात्रीही कन्सल्टंट बसतात, पेशंटच्या दृष्टीने चांगलंच आहे, त्याविरुद्ध मी काही बोलणार नाही. पण मग ते मान अडकणं दिवसा कुठेतरी आणावं लागेल, नाहीतर रेसिडेन्सी संपल्यावर पहिल्या रात्री ते होईल आणि तेव्हा सकाळी कोणी तपासणारं नसेल.

मीच_पेशंट

मी तुमच्यातला नाही, स्क्रीनच्या दुसऱ्या बाजूचा. वाचून घाबरलो आहे. म्हणजे माझा एमआरआय कोणीतरी शिकायला वापरणार, तो चुकणार, आणि त्याला चुकू दिलं म्हणून तुम्ही एकमेकांची पाठ थोपटणार?

लाइटबॉक्स

@मीच_पेशंट, प्रश्न रास्त आहे, टाळत नाही. रेसिडेन्टचं मत हा तुमचा रिपोर्ट नसतो. दिवसा ते मत माझ्याकडे येतं, मी सगळ्या इमेजेस स्वतः बघतो (स्वतः, त्याचं वाचून मान हलवत नाही, हे महत्त्वाचं), मग सही होते. उलट दोन जोड्या डोळे मिळतात तुम्हाला. माझ्या कितीतरी चुका रेसिडेन्टने पकडल्यात, आणि त्या पकडल्या कारण त्याने माझ्याआधी लिहिलं होतं. माझं ऐकून लिहिलं असतं तर दोघेही एकाच खड्ड्यात गेलो असतो.

आणि खरं सांगायचं तर तयार रेडिओलॉजिस्टही तुम्हाला वाटतात तितके एकमताचे नसतात. २०१७ मध्ये छापून आलेला एक अभ्यास आहे, ६३ वर्षांची एक बाई, पाठदुखी, तीन आठवड्यांत १० वेगवेगळ्या सेंटरवर कमरेचा एमआरआय केला. दहा रिपोर्टमध्ये मिळून ४९ निरनिराळी फाइंडिंग्ज, आणि दहाही जणांनी लिहिलंय असं एकही नाही. हे तुम्हाला आणखी घाबरवायला नाही सांगत, पण चुकणं फक्त शिकाऊंचं असतं असं समजून आपण ट्रेनिंग आखतो तिथेच घोळ आहे.

प्रोबवाली

सगळे सीटी एमआरआयवर बोलतायत, सोनोग्राफी नेहमीप्रमाणे सावत्र. तिथे तुमचा सगळा वाद वेगळाच होतो, कारण तिथे इमेज आधी तयार नसते, रेसिडेन्टने ती काढायची असते. नाही मिळाली तर अपेंडिक्स "दिसलं नाही", मग चूक नजरेची का हाताची? मी शेजारी उभी राहते आणि प्रोब (पोटावर फिरवायचं सोनोग्राफीचं यंत्र) माझ्या हातात घेत नाही, हा माझा नियम. फार तर तिच्या हातावर हात ठेवते. ग्रेडेड कॉम्प्रेशन, म्हणजे हळूहळू दाबत मधला गॅस बाजूला सारायचा, श्वास सोडला की अजून थोडं दाबायचं, ही गोष्ट बघून येतच नाही. किती दाबायचं ते पेशंटच्या चेहऱ्यावरून कळतं (त्रस्तताई, चेहरा वाचण्याचा सराव इथे लावा, इथे तो चालतो). प्रोब एकदा सिनियरने हिसकावून घेतला की रेसिडेन्टच्या डोक्यात बसतं, मी ढकलत राहिले की शेवटी कोणीतरी येईलच.

अर्थात पेशंट कण्हत असेल तर प्रोब घ्यायचाच. तेवढी अक्कल गृहीत धरली आहे.

टाकेवाला

@पेशंट, तुमच्या जागी मी असतो तर मला तो रेसिडेन्ट हवा जो फोन करतो. बाकी नशीब.

लाइटबॉक्स

बरेच प्रतिसाद आले, सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देत नाही.

त्रस्त, तुझा प्रतिसाद मी तीनदा वाचला. चेहऱ्याचं खरंय. काल मुद्दाम एक गोष्ट केली, रेसिडेन्टच्या शेजारी बसलोच नाही, म्हटलं मी दुसऱ्या स्टेशनवर आहे, झालं की सेव्ह कर आणि हाक मार. तीच मुलगी. अकरा मिनिटं लागली तिला पोटाच्या सीटीला, पण तिने स्वतःहून बोन विंडो लावून मणके बघितले होते आणि खाली सॅक्रममध्ये (माकडहाडाच्या वरच्या हाडात) एक डाग पकडला, जो मी शेजारी बसलो असतो तर तिने माझ्या घाईपायी बघितलाच नसता. माझ्या गप्प बसण्यात एवढा आवाज असतो हे मला माहीत नव्हतं. सहकाऱ्याला पण सांगितलं. तो म्हणाला अकरा मिनिटांत मी चार केसेस दाखवल्या असत्या. त्याच्याशी भांडण चालूच राहणार.

ओली_फिल्म यांचं "दोन वेगळी कामं" हे मला पटलंय आणि ते मी धाग्यात सरसकट करून टाकलं होतं. सुरुवातीला ढिगारा लागतोच. ज्याने दोनशे नॉर्मल मेंदू बघितले नाहीत त्याला विंडो आवळूनही काय दिसणार, डोंबल. पहिले चार-सहा महिने भरपूर दाखवा, उत्तरासकट दाखवा, लाज नाही त्यात. मग मात्र बोट खिशात. आणि ते स्वतः हॉट सीटवर बसणारे सर, ते मी या आठवड्यापासून करतोय, पोटात गोळा आलाय.

राहिला पुढचं न कळण्याचा प्रश्न. मला वाटतं सगळ्यात मोठं भोक इथेच आहे आणि शिकवणाऱ्याने ते रेसिडेन्टवर सोडून दिलंय. मी रेसिडेन्ट असताना एक वही ठेवायचो. तारीख, केस नंबर (नाव नाही, कधीच नाही), मी काय म्हटलं, किती खात्री होती, आणि शेवटचा रकाना रिकामा. तो दीड-दोन महिन्यांनी भरायचा. बायोप्सी, ऑपरेशन, पुढचा स्कॅन, जे मिळेल ते. किती खात्री होती हा रकाना सोडू नका. चुकण्यापेक्षा खात्रीने चुकणं वेगळं असतं आणि कुठल्या अवयवात आपण खात्रीने चुकतो हे प्रत्येकाचं ठरलेलं असतं. माझं पॅनक्रियाज (स्वादुपिंड) होतं. अजूनही पॅनक्रियाज आला की मी खुर्चीत सरळ होतो.

पिक्सेल_पांडू

सेव्ह केल्यावर चौकोन उघडायचा, हे मान्य. नाल आणि मोटार दोन्ही मागे घेतो.

सेकंडइयर_त्रस्त

सर, वही चालू केली. जुन्या केसेसपासूनच सुरुवात केली, सिस्टिममध्ये माझे प्रिलिमिनरी सेव्ह असतात ते काढले, दोन-तीन महिन्यांपूर्वीचे, आणि पुढे काय झालं ते शोधत बसले, रविवार त्यातच गेला.

तो अॅड्रिनलवाला (किडनीवरच्या ग्रंथीतली गाठ) सापडला, सर मेटास्टॅसिस म्हणाले होते तो. नंतर प्लेन सीटी (कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन न देता) केला होता कोणीतरी, गाठ ४ हाउन्सफील्ड युनिट, सगळीकडे एकसारखी, चरबीने भरलेली. अॅडिनोमाच. मी पाच मिनिटं नाचले.

मग पुढची केस काढली. न्यूमोनिया लिहिलं होतं मी, उजव्या फुफ्फुसाचा वरचा लोब (भाग), बिनधास्त, एकदाही "नाकारता येत नाही" नाही. सहा आठवड्यांनी परत एक्स-रे करा हेही लिहिलं नव्हतं, ते सरांनी घातलं होतं. आठ आठवड्यांनंतरची फिल्म आहे. सावली तिथेच आहे, थोडी मोठी. त्यानंतर सीटी आहे आणि त्यानंतर बायोप्सी.

एक विचारायचं होतं, खात्रीच्या रकान्यात टक्के लिहू का? मला ७० आणि ८० मधला फरक कळत नाही.

ओली_फिल्म

टक्के नको. तीनच शब्द ठेव: पैज लावेन, वाटतंय, माहीत नाही.

सेकंडइयर_त्रस्त

मग न्यूमोनियाला "पैज लावेन" लिहावं लागेल.

ओली_फिल्म

लिही. आणि तारीख घाल.